गॅस कारखान्यामागे गळ टाकून

टी. एस. एलियटच्या ‘द वेस्ट लँड’मध्ये एक माणूस हिवाळ्यातल्या संध्याकाळी कालव्यात गळ टाकून बसलेला आहे. जागा गॅसच्या कारखान्यामागची. चारशेहून जास्त ओळींच्या कवितेत त्याच्या वाट्याला अर्धा डझन ओळीही येत नाहीत. त्याच्या आधी काठावरून एक उंदीर पोट घासत जातो. त्याच्यानंतर मेलेल्या राजांचे विचार येतात, मग उघडी प्रेतं, हाडं, मोटारींचे भोंगे, आणि कविता पुढे निघून जाते. मासा लागला की नाही, हे एलियट सांगत नाही. कविता १९२२ची आहे. तेव्हापासून तिच्यावर कपाटंच्या कपाटं भरतील एवढं लिहिलं गेलंय, पण हा प्रश्न कुणी विचारलेला माझ्या तरी वाचनात नाही.

मला तो विचारायचा आहे, कारण त्याच्या उत्तरावर आपण ही कविता कशी वाचतो ते बरंच अवलंबून आहे.

नेहमीचा अर्थ तुम्हाला माहीत असेल. नसेल तर यूट्यूबवर कुठलंही लेक्चर लावा, दहाव्या मिनिटाला येतो. हा माणूस म्हणजे दंतकथेतला ‘फिशर किंग’, जखमी राजा. राजा जायबंदी, म्हणून त्याचं राज्यही ओसाड. जेसी वेस्टनचं ‘फ्रॉम रिच्युअल टू रोमान्स’ हे पुस्तक १९२०मध्ये आलं आणि त्याचं ऋण एलियटने स्वतःच टिपांमध्ये मान्य केलंय. मग पुढचं समीकरण सोपं होतं: कालवा म्हणजे मेलेली नदी, हिवाळा म्हणजे वांझ ऋतू, गॅस कारखाना म्हणजे यंत्रयुग, आणि गळ टाकणं म्हणजे निष्फळ धडपड. उत्तरपत्रिकेत हे लिहिलं की मार्क मिळतात.

यातलं काहीच चूक नाही. तक्रार एवढीच की या सगळ्यात कुणी गळ टाकून बसलेलंच नाही. ‘फिशर किंग’मधल्या किंगकडे सगळे बघतात, फिशरकडे कुणी नाही.

माझी पात्रता आधीच सांगून टाकतो. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, साहित्याची पदवी माझ्याकडे नाही. पण कामानिमित्त मी दोन हिवाळे बर्मिंगहॅममध्ये काढले. त्या शहराच्या पोटातून कालव्यांचं जाळं जातं. मधोमध जिथे दोन कालवे एकमेकांना मिळतात त्या जागेचं नावच ‘गॅस स्ट्रीट बेसिन’ आहे, तिथल्या सुरुवातीच्या गॅस कारखान्यामुळे पडलेलं. घरून ऑफिसला जायचा माझा रस्ता कालव्याकाठच्या पायवाटेवरून होता. पूर्वी या पायवाटेवरून बोटी ओढणारे घोडे चालायचे, आता सायकली चालतात. डिसेंबर-जानेवारीत, जिथे पुण्यातला माणूस घराबाहेर पडण्याआधी दोनदा विचार करेल अशा थंडीत, तिथे काही माणसं खुर्चीवजा पेटीवर बसून मासे धरत असतात. बहुतेक निवृत्त. ती काय करतात हे समजून घ्यायला मला बरेच रविवार लागले. शेवटी परवाना काढून मीही चार रविवार बसलो. चार रविवार मिळून एक पर्च, माझ्या मधल्या बोटाएवढा. पाण्यात परत सोडला. तिथे तशीच पद्धत आहे.

हिवाळ्यात कालव्यात मासे का लागत नाहीत, हे कवितेसाठी महत्त्वाचं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. कालवा नदीसारखा वाहत नाही. मधोमधसुद्धा खोली साधारण माणसाच्या छातीएवढी, काठाशी त्याहून कमी. असं उथळ, थांबलेलं पाणी उष्णता झपाट्याने गमावतं आणि नद्यांच्या आधी गोठतं. १९६२-६३च्या हिवाळ्यात तर इंग्लंडचे कालवे काही आठवडे गोठून राहिले. आधीच मोडकळीला आलेला तिथला बोटींचा मालवाहतुकीचा धंदा त्या हिवाळ्यात जवळजवळ संपला. मासा थंड रक्ताचा. पाणी थंड झालं की त्याचं शरीर मंदावतं, भूक कमी होते, आणि तो फार हलत नाही. पुलाखाली किंवा नांगरलेल्या बोटीच्या सावलीत मासे गोळा होऊन पडून राहतात. म्हणजे दोन किलोमीटर कालव्यात मासा असतो वीस मीटरमध्ये, आणि ते वीस मीटर कुठले हे तुम्हाला माहीत नसतं.

मग माणसं काय करतात? सगळं लहान करत जातात. केसाएवढं बारीक तंगूस, तांदळाच्या दाण्याएवढा गळ, त्यावर एकच अळी किंवा ब्रेडची चिमूट. दहा-बारा मीटरचा कार्बनचा दांडा तुकड्या-तुकड्याने जोडत पलीकडच्या काठापर्यंत न्यायचा आणि काडीएवढ्या बुचाकडे बघत बसायचं. दांडा मागे घेतला की पायवाटेवर आडवा येतो आणि सायकलवाले शिव्या देतात. जाळी जिथे ठेवली तिथे दगडाला चिकटून गोठते. अळ्यासुद्धा थंडीने आखडून हलेनाशा होतात. बर्फाचा पापुद्रा असेल तर दोरीला वजन बांधून आधी तो फोडायचा, मग बसायचं. सहा तास बसून काहीच मिळालं नाही तर त्याला ते लोक ‘ब्लँक’ म्हणतात. हा शब्द दुःखाने उच्चारलेला मी ऐकला नाही. आपण ‘आज पाऊस नाही’ म्हणतो, साधारण त्या सुरात. हिवाळ्यात कालव्यावर स्पर्धाही होतात, आणि तिथे कधीकधी विजेत्याची दिवसभराची कमाई एका वाटीत मावते.

आता एलियटच्या त्या दोन ओळींकडे परत येऊ. त्यांत तीन तपशील आहेत: कालव्याला लावलेलं ‘डल’ हे विशेषण, संध्याकाळ, आणि गॅस कारखान्यामागची जागा. टीकाकार या तिन्हींना उदासीच्या खात्यात टाकतात. मासे धरणाऱ्याला विचारलं तर तो काय म्हणेल?

‘डल’ पाणी म्हणजे गढूळ, काळवंडलेलं पाणी. हिवाळ्यात बोटींची ये-जा कमी झाली की तळाचा गाळ बसतो, पाणी काचेसारखं निवळतं, आणि अशा पाण्यात मासा जास्तच भितो. थोडा रंग असलेलं पाणी मिळालं तर मासेवाले खूश होतात. संध्याकाळचंही तसंच. थंड, निवळ पाण्यात रोच जातीचा मासा उजेड असेपर्यंत आमिषाकडे फिरकत नाही. शेवटच्या अर्ध्या तासात, बूच दिसेनासं व्हायला लागतं तेव्हा, ते एखाद वेळी हलतं. दिवसभर हात चोळत बसलेली माणसं त्या अर्ध्या तासासाठीच थांबलेली असतात.

आणि गॅस कारखाना. त्या काळी दगडी कोळसा बंद भट्टीत तापवून गॅस काढायचे. कोळसा बोटींनी यायचा, म्हणून हे कारखाने बऱ्याचदा कालव्याला चिकटून असत. लंडनला किंग्ज क्रॉसजवळ रीजंट्स कॅनॉलच्या काठी गॅसच्या टाक्यांचे लोखंडी सांगाडे अजून उभे आहेत. त्यांच्या आत आता महागडे फ्लॅट आणि एक छोटी बाग आहे. कालव्याकाठच्या कारखान्यांचं कोमट पाणी कालव्यात उतरायचं आणि हिवाळ्यात मासे तिथे जमायचे. वायव्य इंग्लंडमधल्या सेंट हेलेन्सला काचकारखान्याच्या गरम पाण्यामुळे कालव्याच्या एका पट्ट्याला ‘हॉटीज’ असं नाव पडलं होतं. घरच्या काचेच्या टाकीतले उष्ण प्रदेशातले मासे लोकांनी तिथे सोडले तरी जगायचे. अर्थात गॅस कारखान्यातून डांबर आणि अमोनियाचं पाणीही बाहेर पडायचं आणि त्याने मासे मरायचेही. पण कारखान्यामागे जाऊन बसणं वेडेपणाचं नव्हतं, एवढं नक्की.

म्हणजे योग्य पाणी, योग्य वेळ आणि बहुधा योग्य जागा. हा माणूस उगाच येऊन बसलेला नाही. थंडीत कालव्यावर मासा लागायची जी काही थोडी शक्यता असते, ती पदरात पाडून घ्यायला जे करावं लागतं ते त्याने केलंय.

एलियटला हे माहीत होतं का? कालव्यावरचं बहुधा नसावं, पण त्याने काही बिघडत नाही. एलियटचं लहानपण काही अंशी मॅसॅच्युसेट्समधल्या ग्लॉस्टरच्या किनाऱ्यावर उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत गेलं, आणि ते मासेमारीचं बंदर आहे. ‘डेथ बाय वॉटर’ या भागाच्या पहिल्या खर्ड्यात मासेमारीच्या बोटीचा एक लांबलचक प्रवास होता, तो एझ्रा पाऊंडने कापला. १९७१मध्ये मूळ खर्डे छापले गेले, त्यात तो वाचता येतो. तेव्हा मासे धरणारी माणसं एलियटला फक्त पुस्तकातून भेटली नव्हती. बोट कापली गेली आणि उरला कालव्यावरचा हा एकटा.

त्याच्या आजूबाजूला कोण आहे तेही बघा. याच भागात पुढे टायपिस्ट आणि तिच्याकडे आलेला कारकून आहे. ते दोघे जे करतात त्यात दोघांचंही मन नाही, प्रसंग संपल्यावर ती हात यंत्रासारखा फिरवून रेकॉर्ड लावते. आणखी पुढे टेम्सकाठच्या लोअर टेम्स स्ट्रीटवर मासळी बाजारातले लोक भरदुपारी गुत्त्यात बसलेत, आतून मँडोलिन ऐकू येतंय. मासळीच्या धंद्यातले ऊबेत बसलेत आणि गळ टाकणारा थंडीत. या विरोधाकडे फारसं कुणी बघत नाही, कारण फिशर किंगची चावी हातात आली की बाकीची कुलपं कुणी तपासत नाही. शिवाय या भागाचं नाव आहे ‘द फायर सर्मन’, म्हणजे बुद्धाने गयेला अग्निपूजक राहिलेल्या जटिलांना केलेला उपदेश: डोळे, कान, मन, सगळं पेटलेलं आहे. त्या आगीच्या नावाखालच्या सगळ्या माणसांत हा एक गारठलेला. मला तरी तो त्या उपदेशाच्या बाजूचा वाटतो. त्याला घाई नाही.

याच्याविरुद्ध बोलायला जागा आहे, आणि ती मी लपवत नाही. तो मेलेल्या राजांचा विचार करतोय. ‘टेम्पेस्ट’मधला शोक त्याच्या तोंडी आहे. उंदीर, हाडं, ओली जमीन सगळीकडे आहे. (मर्ढेकरांची उंदरांची कविता आठवलीच असेल. एलियटच्या उंदराचं आणि मर्ढेकरांच्या उंदरांचं नातं जोडायचा मोह होतो, पण मर्ढेकरांचे उंदीर मेलेले आहेत आणि एलियटचा जिवंत, कामावर निघालेला. हा फरक लहान नाही.) तेव्हा हा माणूस आनंदात आहे असं मी म्हणत नाही. मी म्हणतोय की तो दुःखात असून काम नीट करतोय. ‘डल’ हे विशेषण कालव्याला लावलंय, त्याला नाही.

आणि राजाची गोष्टसुद्धा मुळात वेगळी आहे. बाराव्या शतकात क्रेतियां द त्र्वाने पर्सिव्हलची कथा लिहिली. त्यात या राजाच्या मांड्यांना भाला लागलाय. घोड्यावर बसता येत नाही, शिकारीला जाता येत नाही. म्हणून तो स्वतःला नावेत बसवून घेतो आणि गळ टाकतो, आणि म्हणून त्याला ‘मासेवाला राजा’ म्हणतात. बस, एवढंच कारण. वेस्टनला यात मासा हे जीवनाचं प्राचीन चिन्ह दिसलं, आणि तिथून सगळं प्रतीकांच्या दिशेने गेलं. पण क्रेतियांचं उत्तर मला जास्त पटतं, कारण ते घरगुती आहे. बाकी काही जमत नाही तेव्हा माणूस जे करू शकतो ते करतो.

१९२१च्या शरद ऋतूत एलियटची स्वतःची अवस्था काहीशी हीच होती. लॉइड्स बँकेतली नोकरी, मनाची पार मोडतोड, डॉक्टरांच्या सल्ल्याने तीन महिन्यांची रजा. आधी मार्गेटचा समुद्रकिनारा, मग लोझानचा दवाखाना. ही कविता त्या रजेत आकाराला आली. आमच्या धंद्यातल्या माणसाला अशी रजा लगेच कळते, फक्त आम्ही तिला ‘बेंच’ म्हणतो. दुसऱ्या हिवाळ्यात माझा प्रोजेक्ट संपला आणि मी अकरा आठवडे बेंचवर होतो. दर सोमवारी मेल उघडायचा, तुमच्यासाठी सध्या काही नाही हे वाचायचं आणि बंद करायचा. प्रोग्रॅमिंगमध्ये ‘पोलिंग’ म्हणून प्रकार असतो: प्रोग्रॅम ठरावीक वेळाने विचारत राहतो, काही आलं का? ‘नाही’ हेसुद्धा उत्तरच असतं, त्यावर प्रोग्रॅम कोसळत नाही. माणसाच्या बाबतीत हे इतकं सोपं नाही, ते अकरा आठवड्यांत कळलं. चारपैकी तीन रविवार त्याच काळातले.

एरवी आपल्याला मासे न मिळण्याची गोष्ट चालते ती एकाच अटीवर: शेवटी मासा मिळाला पाहिजे. हेमिंग्वेचा म्हातारा सँटियागो ८४ दिवस हात हलवत परत येतो, पण पंच्याऐंशिव्या दिवशी त्याच्या गळाला अठरा फुटांचा मार्लिन लागतो. पुढे शार्क तो खातात, तरी सांगाडा सगळ्या गावाला दिसतो. पुलंनी त्याचा अनुवाद केला आणि नाव ठेवलं ‘एका कोळियाने’. नाव फार गोड आहे आणि माझ्या मते धोक्याचंही. त्या नावाने आपल्याला शाळेच्या पुस्तकातला कोळी आठवतो, जाळं विणताना पुन्हा पुन्हा पडणारा आणि शेवटी वर पोचणारा. म्हणजे पुस्तक उघडण्याआधीच प्रयत्नांती परमेश्वर. अपयश हे यशाच्या आधीचं पान म्हणूनच आपल्याला सहन होतं. कालव्यावर पंच्याऐंशिवा दिवस नसतो. तिथे मार्लिन नाही, फार तर दहा सेंटिमीटरचा गजन, आणि तोही परत पाण्यात. एलियटने हीच जागा निवडली हे मला हेमिंग्वेच्या समुद्रापेक्षा धाडसाचं वाटतं.

अशी निवड त्याच्या अकराशे वर्षं आधी चीनमध्ये एकाने केली होती. राजधानीतून हद्दपार झालेल्या ल्यू झोंगयुआनने वीस अक्षरांची एक कविता लिहिली. डोंगर, बर्फ, नाव, आणि गवती इरलं पांघरलेला एक म्हातारा. चिनीत शेवटच्या ओळीत गळ टाकण्याच्या क्रियापदानंतर मासा हा शब्दच येत नाही, थंड नदी आणि बर्फ येतो. व्याकरणाने बघाल तर म्हातारा बर्फ धरतोय.

आणि इथे मराठीचा प्रश्न येतो. एलियटच्या त्या दोन ओळी मराठीत कशा करायच्या? ‘कॅनॉल’ला आपला शब्द ‘कालवा’. पण आपला कालवा म्हणजे पाटबंधारे खात्याचा: मुठेचा, नीरेचा. त्याला पाणी सुटतं, ऊस उभा राहतो, आवर्तनासाठी मोर्चे निघतात. मराठी कानाला कालवा म्हणजे धावून येणारं पाणी, आणि इंग्रजी कॅनॉल म्हणजे थांबलेलं. नुसता ‘कालवा’ लिहिला तर ओळीतली अर्धी थंडी जाते. ‘थिजलेला कालवा’ म्हटलं तर बर्फ जास्त होतो, ‘निर्जीव’ म्हटलं तर पुन्हा उत्तरपत्रिका. मी ‘गढूळ’ घेईन, त्यात मासेवाल्याची आशा शिल्लक राहते. ‘गॅसहाऊस’ला ‘गॅस गोदाम’ म्हटलं तर लाल सिलिंडर दिसतात. लालबागच्या माणसाला मात्र ‘गॅस कंपनीच्या मागे’ म्हटलं की पुरेल, ते नाव तिथे अजून तोंडात आहे.

सगळ्यात अवघड शब्द सगळ्यात सोपा दिसतो: ‘फिशिंग’. ‘मासेमारी’ म्हटलं तर त्यात मासा मेलेला आहे, धंदा आहे, बोट आहे. ‘मासे पकडत होतो’ म्हटलं तर मासे पकडले गेले. आमच्याकडे कोकणात गळाला ‘गरी’ म्हणतात, आणि गरी घेऊन खाडीवर जाऊन बसण्याला ‘गरवणं’. माझी आत्या अजूनही म्हणते, तो गरवायला गेलाय. काय आणलं हे नंतर, आला की बघायचं. या क्रियापदात हत्यार आहे, बसणं आहे, मासा नाही. ‘गॅस कंपनीच्या मागे, हिवाळ्यातल्या संध्याकाळी, गढूळ कालव्यात मी गरवत होतो’. घाटावरच्या वाचकाला शब्द अडेल, तळटीप द्यावी लागेल असं एका मित्राचं म्हणणं आहे. मी तळटीप देणार नाही. पुढच्या-मागच्या ओळींवरून कळतो तो.